निथळलेल्या पोर्टची चव

एखाद्या पदार्थाची चव कशी आहे, असे आपण सहज विचारतो. ती किती वाजता घेतली, हे विचारीत नाही. व्हिंटेज पोर्ट या मद्याच्या बाबतीत मात्र हा दुसरा प्रश्न आधी विचारावा लागतो.

उत्तर पोर्तुगालमधील दौरो नदीच्या खोऱ्यात, पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरउतारांवर याची द्राक्षे पिकतात. या प्रदेशाच्या सीमा राज्यसत्तेने १७५६ मध्येच आखून दिल्या होत्या. रस आंबत असता, त्यातली साखर संपण्यापूर्वीच, द्राक्षांचाच तीव्र मद्यार्क त्यात मिसळतात. आंबणे थांबते, गोडी उरते आणि मद्यार्काचे प्रमाण शेकडा २० च्या आसपास जाते. पोर्टचा टॉनी हा प्रकार लाकडी पिंपात, थोड्याथोड्या हवेच्या सहवासात वर्षानुवर्षे मुरतो. व्हिंटेज हे उत्तम हंगामाचे, एकाच वर्षाच्या द्राक्षांचे मद्य. १९६३ व १९७७ ही अशी नावाजलेली वर्षे. ते दोन-तीन वर्षांतच, न गाळता, बाटलीत भरतात आणि पुढची कित्येक दशके ते जवळजवळ हवेवाचून काढते. त्या काळात त्यातील रंगद्रव्ये व तुरट द्रव्ये एकत्र येऊन जड होतात आणि त्यांचा साका धरतो.

म्हणून पिण्यापूर्वी ते निथळून घ्यावे लागते. आडवी ठेवलेली बाटली आदल्या दिवशी उभी करतात, म्हणजे साका तळाशी बसतो. मग बूच हलक्या हाताने काढून, बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरून, मद्य संथपणे काचेच्या सुरईत ओततात. मानेत साक्याची पहिली रेघ दिसताच हात थांबवायचा.

येथून पुढे हवेचे काम सुरू होते. पहिल्या घोटात पुष्कळदा मद्यार्काचा झणका जाणवतो, क्वचित कोंदट वासही येतो. तो वास बहुधा लवकर उडून जातो. मग काळ्या मनुकांचा, सुक्या अंजिराचा गंध वर येतो, आणि सावकाश चॉकलेटची, अक्रोडाची आठवण देणाऱ्या छटा उमटतात. तरुण मद्याला हे साधण्यास कित्येक तास लागतात; ते दुसऱ्या दिवशीही टवटवीत राहू शकते. फार जुने मद्य मात्र नाजूक असते. तास-दोन तासांत ते फुलते आणि त्याच हवेने कोमेजूही लागते.

जाणकार म्हणूनच सुरई भरताच एक घोट घेतात, काही वेळाने दुसरा घेतात आणि प्रत्येक वेळी काय बदलले ते टिपून ठेवतात. चाळीस वर्षे जपलेली बाटली एकदा उघडली की पुन्हा मिटता येत नाही. पहिल्याच घोटावर निकाल देणाऱ्याला तिचा ऐन बहर कळत नाही, आणि अति थांबणाऱ्याच्या हाती तो उतरल्यावर येतो. ती वेळ कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. ती ओळखण्यासाठी पेला जवळ ठेवून धीराने बसावे लागते.