घोट्याचा सांधा ‘बांधून’ टाकताना

घोटा मोडला, प्लॅस्टर निघाले, माणूस कामाला लागला. दहा-पंधरा वर्षांनी त्याच घोट्यात कळ येऊ लागते, सकाळी पाय टेकवत नाही. गुडघ्याची झीज बहुधा वयाने होते. घोट्याची मात्र जुन्या मोडीमुळे किंवा वारंवार मुरगळल्यामुळे. त्यामुळे हे रुग्ण पुष्कळदा ऐन कामाच्या वयातले असतात.

वजन कमी करणे, काठी, घोट्याचा पट्टा, गोळ्या हे सारे करूनही चालवेनासे झाले की अस्थिरोगतज्ज्ञ सांधा बांधण्याचा सल्ला देतात. ‘म्हणजे घोटा कायमचा ताठ?’ असे रुग्ण विचारतो. होय, कायमचा. हे आधीच समजून घ्यावे. नडगीचे हाड व त्याखालचे घोट्याचे हाड यांच्यामधली झिजलेली कूर्चा खरवडून काढतात, पाऊल काटकोनात ठेवतात आणि दोन्ही हाडे स्क्रूंनी आवळतात. पुढे मोडलेले हाड जुळावे तशी ती एकजीव होतात. हालचाल थांबते, तसे दुखणेही थांबते.

कसोटी लागते ती नंतर. साधारण सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही. कुबड्या किंवा वॉकर, एरवी पाय उशीवर उंच. पुढचे सहा आठवडे प्लॅस्टर घालूनच बेताने चालणे. सूज कित्येक महिने येत-जात राहते. मात्र पोटरी एकाएकी सुजून दुखली, धाप लागली, जखमेतून पू आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

सपाट रस्त्यावर बहुतेकजण छान चालतात, कारण पावलातले इतर सांधे थोडे वाकतात. मांडी घालणे गुडघ्यावर व खुब्यावर असते, ते बहुधा जमते. उकिडवे बसणे मात्र अवघड. घरात कमोडची सोय ऑपरेशनआधीच करावी. चढ, बांध, नांगरट जपून. पावलाच्या शेजारच्या सांध्यांवर ताण वाढतो, काही वर्षांनी तेही कुरकुरू शकतात.

दहातील एखाद्या रुग्णाचे हाड जुळत नाही, फिरून ऑपरेशन करावे लागते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे प्रमाण बरेच वाढते; तंबाखू-मिश्रीही सोडावी, नातेवाइकांनी कॉटखाली पुडी पोचवू नये. मधुमेह असल्यास साखर आधी आटोक्यात आणावी. कृत्रिम घोटाही बसवतात, पण कष्टाचे काम करणाऱ्या तरुण माणसाला सहसा बांधलेला सांधाच सुचवला जातो. आतले स्क्रू टोचत नसतील तर ते काढावे लागत नाहीत.