ओपिऑइडचे व्यसन आणि आणीबाणीचा सरकारी निधी: पैसा नेमका कशासाठी लागतो?

अमेरिकेने ओपिऑइडच्या व्यसनाविरुद्ध आणीबाणी म्हणून मोठा निधी दिला, हे आपण बातम्यांत वाचले असेल. तिथे आपली मुले-नातवंडे राहत असतील, तर काळजीही वाटली असेल. या निधीतून नेमके काय मिळते, हे समजले तर व्यसनावरचे योग्य उपचार कोणते हेही समजते.

ओपिऑइड म्हणजे काय?

अफूपासून बनणारे किंवा अफूसारखे काम करणारे पदार्थ म्हणजे ओपिऑइड. मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल, फेंटानिल ही औषधे या गटात येतात. हेरॉइन, म्हणजे आपल्याकडे गर्द किंवा ब्राऊन शुगर म्हणून विकले जाणारे व्यसनही याच गटातले. यांनी वेदना कमी होतात. पण मात्रा जास्त झाली की मेंदूतील श्वासाचे केंद्र मंदावते आणि श्वास थांबून मृत्यू होतो.

अमेरिकेत काय घडले?

१९९०च्या दशकात तिथे वेदनाशामक ओपिऑइड गोळ्या सढळ हाताने लिहून दिल्या गेल्या. २०१०नंतर अनेक जण हेरॉइनकडे वळले आणि २०१३पासून बेकायदा फेंटानिल पसरले. फेंटानिल हेरॉइनच्या सुमारे ५० पट तीव्र असते. २०१६ या एका वर्षात ओपिऑइडमुळे ४२ हजारांहून अधिक मृत्यू झाले.

डिसेंबर २०१६मध्ये झालेल्या कायद्याने राज्यांसाठी दोन वर्षांत १०० कोटी डॉलर मंजूर केले. ऑक्टोबर २०१७मध्ये सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली, पण तिच्यासाठी असलेल्या खास निधीत तेव्हा जेमतेम ५७ हजार डॉलर होते! घोषणेने आपोआप पैसा येत नाही. २०१८पासून राज्यांना नव्याने अनुदान सुरू झाले.

पैसा कशावर खर्च व्हावा?

१. नॅलॉक्सोन: ओपिऑइडचा परिणाम उलटवणारे औषध. नाकात फवारले किंवा इंजेक्शनने दिले की काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. अमेरिकेत त्याचा नाकातील फवारा २०२३पासून चिठ्ठीशिवाय मिळतो.

२. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन: यांमुळे तलफ आणि अंगदुखी, जुलाब, बेचैनी असे व्यसन तुटतानाचे त्रास आटोक्यात राहतात. मृत्यूचा धोकाही बराच कमी होतो.

३. समुपदेशन आणि पाठपुरावा: हे काम महिनोन्‌महिने चालते, म्हणून त्यासाठी कायमची माणसे लागतात.

अडचण इथेच आहे. निधी ठरावीक मुदतीचा असतो, आजार मात्र दीर्घकाळ चालणारा. मधुमेहाच्या रुग्णाला दोन वर्षांनी इन्सुलिन बंद करा असे आपण सांगत नाही. इथेही तोच न्याय लावायला हवा.

घरच्यांचा सर्वांत धोकादायक गैरसमज

"महिनाभर केंद्रात राहून आला, आता सुटला. गोळ्या कशाला? एक नशा सोडून दुसरी लावायची का?" असे अनेक घरांत म्हटले जाते. पण महिनाभर नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती कमी होते. मग पूर्वीच्याच मात्रेचा एक डोस जीव घेऊ शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत जोखमीचे असतात. डॉक्टरांनी दिलेले औषध ठरलेल्या मात्रेत घेणे म्हणजे नशा नव्हे, तो उपचार आहे. ते परस्पर बंद करू नका.

आपण काय करावे?

- माणूस हाका मारूनही उठत नाही, श्वास मंद किंवा घरघरता आहे, ओठ निळे पडले आहेत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, तर लगेच १०८ (अमेरिकेत ९११) ला फोन करा. नॅलॉक्सोन असेल तर द्या. श्वास सुरू असेल तर कुशीवर वळवा आणि एकटे सोडू नका. नॅलॉक्सोनचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, म्हणून शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यायलाच हवे.
- भारतात व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. नॅकोच्या ओएसटी केंद्रांत, विशेषतः सुईने नशा करणाऱ्यांना, ब्युप्रेनॉर्फिन मोफत दिले जाते.
- शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या ओपिऑइड गोळ्या घरात ठेवू नका आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका.

व्यसनी माणसाला दोष दिल्याने तो नशा लपवून आणि एकट्याने करू लागतो, आणि एकटा असताना श्वास थांबला तर मदतीला कुणी नसते. म्हणून घरात बोलणे बंद करू नका आणि आजच डॉक्टरांना भेटा.