निवासी घरांतील खिडक्यांच्या आतील झडपांची निवड : हवामान, दिशा आणि उपयोग यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

घर बांधताना किंवा सदनिका सजविताना खिडकीचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. फरशी, भिंतींचा रंग, स्वयंपाकघरातील ओटा हे सर्व ठरल्यानंतर खिडकीला पडदे लावावेत की झडपा बसवाव्यात, असा प्रश्न पुढे येतो आणि त्याचे उत्तर पुष्कळदा नमुनापुस्तिकेतील चित्रे पाहून दिले जाते. काचेच्या आतील बाजूस बसवावयाच्या, हलत्या पट्ट्यांच्या झडपा आज लाकूड, प्लास्टिक, ॲल्युमिनियम अशा विविध साहित्यांत मिळतात. त्या देखण्या असतात, हे खरे. परंतु पश्चिमेकडील शयनगृहात मोठा खर्च करून अशा झडपा बसविल्यानंतरही संध्याकाळी खोली तापलेलीच राहते आणि अखेर वातानुकूलन यंत्राचा आश्रय घ्यावा लागतो. अशा वेळी दोष झडपेचा नसतो; तो निवडीच्या निकषाचा असतो.

खिडकीच्या झडपेने ऊन, वारा आणि परकी नजर या तीन गोष्टींचे नियमन करावे, अशी अपेक्षा असते. कोणतीही एक झडप ही तिन्ही कामे सारख्याच क्षमतेने करू शकत नाही. म्हणून संपूर्ण घरासाठी एकच नमुना न निवडता प्रत्येक खिडकीचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते. महाराष्ट्र व गोवा येथील हवामानाच्या संदर्भात हा विचार कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. आतील झडपेची परंपरा

आत उघडणारी झडप ही आपल्याकडे नवी नाही. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत खिडकीच्या चौकटीत उभे गज बसविलेले असत. गजांमुळे झडप बाहेर उघडणे शक्य नसे. म्हणून भरीव फळ्यांच्या झडपा आतल्या बाजूस येत. भिंतीच्या जाडीमुळे उघडलेली झडप भिंतीतच सामावून जाई आणि खोलीत अडथळा होत नसे. अनेक ठिकाणी वरची व खालची अशा झडपांच्या दोन स्वतंत्र जोड्या असत. खालची जोडी मिटून वरची उघडी ठेवली, की रस्त्यावरून आत दिसत नसे आणि उजेड मात्र येत राही.

गोव्यातील जुन्या घरांत काच सर्रास उपलब्ध होण्यापूर्वी लाकडी चौकटींत शिंपल्यांची पातळ तावदाने बसविली जात. त्यांतून मंद, विखुरलेला प्रकाश आत येई. चटका आणि लख्ख उजेड मात्र कमी होई. पुढे वसाहतकालीन बंगल्यांत व मुंबईच्या इमारतींत झिलमिलीच्या खिडक्या रूढ झाल्या. मधल्या उभ्या काठीने एकाच वेळी सर्व पट्ट्या वरखाली करण्याची तिची रचना आजच्या आतील झडपांतही दिसते.

या परंपरेत आणि आजच्या खिडकीत एक मूलभूत फरक आहे. वाड्यातील झडपेपुढे काच नव्हती. झडप आत असली, तरी उन्हाला अडविणारा तो पहिलाच थर होता. आजच्या आतील झडपेपुढे मात्र काचेचे तावदान असते. आकार तोच राहिला, परंतु काचेमुळे झडपेचे कार्य बदलले.

२. काच, झडप आणि उष्णता

सूर्याकडून येणारे लघुतरंग प्रारण काचेतून सहज आत शिरते. ते झडपेवर पडले, की त्यातील काही भाग परावर्तित होतो आणि उरलेला झडप शोषून घेते. तापलेली झडप ती उष्णता दीर्घतरंग प्रारणाच्या रूपाने व लगतच्या हवेमार्फत बाहेर टाकू लागते. साधी काच दीर्घतरंग प्रारणाला आरपार जाऊ देत नाही. परिणामी शोषलेल्या उष्णतेचा मोठा भाग खोलीतच राहतो. आतील झडप उजेड अडविते, अंगावर पडणारे थेट ऊन अडविते. पण उष्णता घरात शिरल्यानंतर तिला अडविण्याचा प्रयत्न करते. बाहेरील झडप, छज्जा किंवा चिकाचा पडदा हेच काम काचेच्या आधी करतो. ओल्ग्ये बंधूंनी सौरनियंत्रणावरील १९५७ च्या आपल्या ग्रंथात बाहेरील आडोशाचे हे श्रेष्ठत्व मांडले होते. भारत सरकारच्या २०१८ मधील इको-निवास संहितेतही खिडकीतून येणाऱ्या उष्णतेच्या गणनेत बाहेरील छायासाधनांची दखल घेण्यात आली.

यावरून आतील झडप निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तिच्या मर्यादा ओळखून तिची परिणामकारकता वाढविता येते. पहिली बाब रंगाची. झडपेची काचेकडील बाजू पांढरी किंवा फिकट असल्यास प्रारणाचा मोठा भाग लघुतरंग रूपातच परावर्तित होऊन काचेतून पुन्हा बाहेर जातो. गडद सागवानी छटा दिसावयास भारदस्त असली, तरी ती उष्णता अधिक शोषते. खोलीकडील बाजूस लाकडी छटा आणि काचेकडील बाजूस पांढरा रंग, असा मध्यम मार्ग शक्य आहे. मात्र पट्ट्या फिरविल्यावर कोणती बाजू बाहेर येते, हे आधी पाहून घ्यावे लागते. दुसरी बाब काच उघडी ठेवण्याची. तावदान उघडे असेल, तर झडपेलगतची तापलेली हवा काही प्रमाणात बाहेर निघून जाते आणि झडपेचे कार्य वाड्यातील झडपेच्या जवळ येते.

३. दिशा आणि पट्ट्यांचा कोन

मुंबईचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आहेत. २२ डिसेंबरच्या सुमारास तेथे मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंश उंचीवर असतो. विषुवदिनी तो सुमारे ७१ अंशांवर पोहोचतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो माथ्याच्या किंचित उत्तरेकडून जातो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला साधारण छज्जा पुरेसा होतो आणि आतील झडप मुख्यतः उजेड व आडोसा यांसाठी वापरता येते. उत्तरेच्या खिडकीला उन्हाचा उपद्रव सर्वांत कमी असतो. खरी अडचण पूर्व व पश्चिम दिशांची आहे. तेथे सूर्य खाली उतरलेला असतानाच समोर येतो. पश्चिमेच्या भिंतीवर ४५ अंशांनी येणारे ऊन केवळ छज्जाने पूर्णपणे अडवावयाचे, तर छज्जाची खोली खिडकीच्या उंचीइतकी असावी लागेल. चार फूट उंचीच्या खिडकीला चार फुटांचा छज्जा सहसा व्यवहार्य नसतो.

येथे पट्ट्यांचा उपयोग होतो. पट्टीची रुंदी आणि दोन पट्ट्यांमधील अंतर समान आहे, असे मानू. पट्ट्या पूर्ण आडव्या ठेवल्यास ४५ अंशांहून अधिक कोनातून येणारे थेट ऊन अडते. पट्ट्यांची बाहेरील कड खाली झुकवून त्या ४५ अंशांत तिरप्या केल्यास सुमारे २२ अंशांपर्यंत उतरलेले ऊनही अडते. मुंबईच्या अक्षांशावर विषुवदिनी याचा अर्थ असा, की पश्चिमेच्या खिडकीत आडव्या पट्ट्या मध्यान्हानंतर सुमारे तीन तास आणि तिरप्या पट्ट्या सुमारे साडेचार तास थेट ऊन आत येऊ देत नाहीत. त्यानंतर मात्र झडप पूर्ण मिटावी लागते. म्हणून पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांसाठी पट्ट्या हलत्या असणे आवश्यक आहे. स्थिर पट्ट्यांची झडप तेथे एक तर दिवसभर अंधार करते किंवा ऐन गरजेच्या वेळी अपुरी पडते.

कोनाचा संबंध नजरेशीही आहे. बाहेरील कड खाली असताना समोरच्या इमारतीतील वरच्या मजल्यावरून आतले दिसत नाही आणि रस्त्यावरून वर पाहणाऱ्यास बहुतांशी छतच दिसते. घरातील व्यक्तीला मात्र खालचा रस्ता पाहता येतो. तळमजल्यावर वाटसरूची नजर खिडकीच्या पातळीवरच असल्याने दुभागलेली झडप अधिक सोयीची ठरते. अभ्यासाच्या खोलीत फिकट रंगाच्या आडव्या पट्ट्यांवरून परावर्तित झालेला प्रकाश छताकडे जातो व तेथून खोलीत समप्रमाणात पसरतो.

४. हवामान : भरीव झडप की पट्ट्यांची?

कोकण, मुंबई व गोवा येथील हवामान उष्ण व दमट आहे. अशा ठिकाणी अंगावरून वारा वाहिल्यानेच घाम वाळून आराम मिळतो. किनाऱ्यावर दुपारी समुद्रावरून येणारा वारा आणि उतरते ऊन ही दोन्ही पश्चिमेकडूनच येतात. ऊन नको म्हणून भरीव झडप मिटली, की वाराही बंद होतो. म्हणून या प्रदेशात हलत्या पट्ट्यांची झडप श्रेयस्कर होय. ती गरज संपताच भिंतीलगत पूर्ण दुमडता आली पाहिजे, कारण उघड्या पट्ट्याही वाऱ्याला काही प्रमाणात अडवितातच. सरकत्या काचेच्या खिडकीचा मुळात अर्धाच भाग उघडतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. इको-निवास संहिता २०१८ मध्ये बाहेर उघडू शकणाऱ्या खिडक्या, दारे व झरोके यांचे किमान क्षेत्र उष्ण-दमट विभागासाठी चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के, तर संमिश्र हवामानाच्या विभागासाठी १२.५ टक्के ठेवण्यात आले. ६०० चौरस फूट चटईक्षेत्राच्या घरात हे प्रमाण अनुक्रमे सुमारे १०० व ७५ चौरस फूट होते.

नागपूर व विदर्भाची स्थिती निराळी आहे. मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तेव्हा बाहेरची हवा शरीराहूनही उष्ण असते. ती आत येऊ देण्यात लाभ नाही. तेथे दुपारी खिडकी घट्ट मिटणारी भरीव लाकडी झडप आणि रात्री ती पूर्ण उघडून गार हवा घेण्याची सोय, हीच योग्य रचना होय. कोकणातील नातेवाइकांच्या घरी शोभून दिसलेली झडप विदर्भातील घरात तशीच बसविणे म्हणूनच फसगतीचे ठरते.

५. साहित्याची निवड

लाकूड ओलावा शोषून फुगते व कोरडे होताना आकसते. हा बदल तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक आणि लांबीच्या दिशेने नगण्य असतो. सागवान तुलनेने कमी हलते व त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवीला अधिक काळ दाद देत नाही. मध्यम घनतेच्या तंतुफलकाच्या झडपा स्वस्त व गुळगुळीत असतात. परंतु कडेचा रंग निघून पाणी शिरल्यास त्या फुगतात व पूर्ववत होत नाहीत. पावसाची झड येणाऱ्या खिडकीस त्या वर्ज्य मानाव्यात. पीव्हीसीला ओल व वाळवी यांचे भय नसते, म्हणून स्नानगृह व स्वयंपाकघरात ती सोयीची आहे. मात्र तापलेल्या काचेमागे हलक्या प्रतीच्या लांब पट्ट्या वाकण्याचा संभव असतो. ॲल्युमिनियम फुगत नाही, पण लवकर तापते आणि खाऱ्या हवेत चांगल्या प्रतीच्या लेपाविना टिकत नाही. किनारपट्टीवर बिजागऱ्या व स्क्रू साध्या लोखंडाचे न घेता पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. पुष्कळदा झडपेआधी बिजागरीच गंजून निकामी होते.

देखभालीचाही विचार हवा. प्रत्येक पट्टीवर धूळ बसते आणि पावसाळ्यात बंद झडपेमागे बुरशी धरते. अरुंद पट्ट्या संख्येने अधिक, म्हणजे पुसण्याचे श्रमही अधिक. हे श्रम घरातील कोणाच्या वाट्याला येणार आहेत, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारलेला बरा.

६. मोजमाप व जोडणी

चौकटीची रुंदी वर, मध्ये व खाली आणि उंची डावीकडे, मध्ये व उजवीकडे अशी प्रत्येकी तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान माप ग्राह्य धरावे. दोन्ही कर्ण मोजल्यास चौकट काटकोनात आहे की नाही, हे कळते. उन्हाळ्यात घट्ट मापाने बसविलेली लाकडी झडप जुलैत चौकटीत अडकते. म्हणून फुगण्यास जागा सोडणे अगत्याचे आहे. मध्यावर फिरणारी साडेतीन इंची पट्टी पूर्ण उघडल्यावर दोन्ही बाजूंस सुमारे पावणेदोन इंच पुढे येते. तेवढे अंतर काचेची कडी, जाळी व झडप यांच्यात नसेल, तर पट्ट्या फिरणारच नाहीत. आत उघडणाऱ्या झडपेपुढे पलंग वा कपाट येत नाही ना, तसेच संकटकाळी उघडावयाच्या ग्रीलच्या दाराला अडथळा होत नाही ना, याचीही खात्री करावी.

समारोप

आतील झडप ही उजेड, आडोसा आणि वारा यांचे नियमन करणारे उत्तम साधन आहे. उष्णता अडविण्याचे ते दुय्यम साधन आहे. हा भेद ध्यानात घेतल्यास खर्चाचा क्रमही बदलतो. पश्चिमेच्या खिडकीस शक्य असेल तेथे आधी बाहेरचा आडोसा करावा. सज्जा असेल, तर त्याच्या बाहेरील कडेला बांबूचा चिक सोडावा आणि मग आत झडप बसवावी. गृहनिर्माण संस्थेच्या नियमांमुळे बाहेर काहीच करता येत नसेल, तर काचेकडे फिकट रंग असलेल्या, हलत्या पट्ट्यांच्या झडपेवर समाधान मानावे, परंतु तिच्याकडून गारव्याची अवाजवी अपेक्षा ठेवू नये. उत्तरेच्या किंवा छायेतील खिडकीस साधा पडदाही पुरतो; तेथे वाचलेला पैसा पश्चिमेच्या खिडकीवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे होय. वाड्याच्या सुताराने गज, भिंतीची जाडी, रस्ता आणि ऊन पाहून झडपेचे स्थान ठरविले होते. आजच्या गृहस्थानेही नमुनापुस्तिका उघडण्यापूर्वी एक दिवस प्रत्येक खिडकीपाशी उभे राहून ऊन केव्हा येते व वारा कोठून येतो, याची नोंद केली, तर निवडीचे निम्मे काम तेथेच पूर्ण होईल.