'मेडिकल' म्हणजे नेमके कोठे?

लॅटिनमध्ये 'मेडेरी' म्हणजे बरे करणे. याच कुळातील 'मेडिको' हा शब्द इटालियन व पोर्तुगीज भाषांत डॉक्टरसाठी रूढ झाला. इंग्रजीतील 'मेडिकल' हे मुख्यतः विशेषण. मराठीत मात्र ते नाम होऊन औषधांचे दुकान ठरले. नागपुरात तर 'मेडिकल' म्हणजे १९४७ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही!

एरवी हा द्वयर्थ गमतीचा वाटतो. परंतु छातीत कळ आलेल्या आजोबांना 'मेडिकलला न्या' असे सांगितले आणि घरच्यांनी दुकानातून गोळी आणली, तर मोलाचा वेळ हातचा जातो. म्हणून संकटसमयी 'रुग्णालय' असेच स्पष्ट म्हणा आणि रुग्णवाहिकेसाठी विनाविलंब १०८ क्रमांक लावा.