लोण्यात घोळलेली चिमूटभर अक्कल

मॅकरोनी-चीज ही इंग्लंड-अमेरिकेतल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ओव्हनमध्ये भाजली जाणारी डिश. पावसाळी संध्याकाळी भांडं टेबलावर आलं, की पोरंटोरं कडेचा खरपूस भाग आधी पळवतात.

एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्लिश पाककर्तीच्या १७६९ सालच्या पुस्तकात या डिशची एक जुनी कृती सापडते. शिजलेली मॅकरोनी, साय, वरून भाजलेलं परमेजान चीज आणि पिठात घोळवलेला लोण्याचा गोळा. सगळी करामत त्या पिठाची आहे.

चीज जास्त तापलं की त्यातली केसिन ही प्रथिनं आकसून एकमेकांना चिकटतात. मग तूप वेगळं सुटतं आणि खाली रबरासारखा गोळा उरतो. पीठ मात्र गरम दुधात फुगतं, सॉस दाटतो आणि त्यातला स्टार्च प्रथिनांना एकत्र येऊ देत नाही. आपल्याकडच्या प्रोसेस्ड चीजमध्ये हेच काम काही क्षार करतात. ते केसिनला बांधून ठेवणारं कॅल्शियम ओढून घेतात, म्हणून हे चीज सहसा फाटत नाही.

आणि तो खरपूस थर? पृष्ठभाग ओला असेतो तापमान १०० अंशांच्या आसपासच अडतं. पाणी उडालं की प्रथिनं आणि शर्करा यांची मेयार अभिक्रिया वेग घेते, रंग आणि वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी ती १९१२ मध्ये मांडली. रॅफल्डबाईंच्या स्वयंपाकघरात ती त्याआधीच रोज घडत होती.

घरी करताना सॉस गॅसवरून उतरवा आणि मगच किसलेलं चीज थोडंथोडं घाला.