पाचवं प्रकरण उघडून बघा!

कोडिंग शिकायचं ठरवलंय? ग्रेट! पण पुस्तकाचे पैसे मोजण्याआधी दुकानात उभ्या-उभ्या एक छोटीशी टेस्ट घ्या. तुमची नाही, पुस्तकाची.

शनिवारची दुपार. पुण्यातला अप्पा बळवंत चौक. तुम्ही पुस्तकांच्या दुकानाच्या काउंटरवर उभे. मागे गर्दीची रेटारेटी आणि समोरचे काका जाम घाईत.

‘‘प्रोग्रामिंगचं पुस्तक द्या ना, बिगिनरसाठी.’’

काका वरही न बघता विचारतात, ‘‘कुठलं कॉलेज? सिलॅबस कुठला?’’

आता काय सांगणार? कॉलेज सोडून सहा वर्षं झाली. आणि सिलॅबस म्हणाल, तर दर महिन्याच्या एक तारखेला चौदा ब्रँचेसच्या हजेरीच्या शीट्स एकत्र करायच्या, एवढाच! काका एक जाडजूड ठोकळा समोर आदळतात. ‘‘हे सगळे नेतात.’’ मग आपणही नेतो.

पुढची स्टोरी तुम्हाला पाठ असेल. पहिला वीकेंड एकदम जोशात. स्क्रीनवर ‘हॅलो वर्ल्ड’ झळकलं की आपण घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवतो. दुसऱ्या आठवड्यात लूप्स, तेही जमतात. मग ऑफिसात क्लोजिंग येतं, आठ दिवसांची गॅप पडते. एका रात्री जेवण उरकून पाचवं प्रकरण उघडतो आणि तीन पानांत सगळं डोक्यावरून! पुस्तक आधी उशाशी, मग टेबलावर, मग मॉनिटरखाली. (मॉनिटरची उंची मात्र झकास होते.) आणि आपण स्वतःला सांगून टाकतो, ‘जाऊ दे यार, आपण कॉमर्सवाले. आपल्या डोक्यात ते लॉजिकच नाही.’

माझं हे एकदा नाही, दोनदा झालंय. आणि ते ‘आपण कॉमर्सवाले’ मला महागात पडलं. ऑफिसात रिपोर्ट्स ऑटोमेट करायला टीम बनत होती, बॉसने मीटिंगमध्ये विचारलं, ‘‘कोणाला इंटरेस्ट आहे?’’ आणि मी मान खाली घालून वहीत चौकोन काढत बसले. काम माझं, शीट्स माझ्या, त्यातल्या सगळ्या भानगडी मला पाठ. पण हात दुसऱ्यानेच वर केला.

पायाखालची फळी

नंतर कधीतरी ‘थिंक पायथन’ या पुस्तकाची प्रस्तावना वाचली आणि चाटच पडले. लेखक ॲलन डाउनी, अमेरिकेतले प्राध्यापक. जानेवारी १९९९मध्ये ते जावाचा पहिला कोर्स शिकवायची तयारी करत होते. हाच कोर्स त्यांनी आधी तीनदा शिकवला होता आणि वैतागले होते. नापास होणारे फार आणि पास झालेल्यांच्याही हाती फारसं काही लागत नव्हतं. त्यांच्या मते एक मोठं कारण होतं पुस्तकं! जाडी भलती, नको तो तपशील भरपूर आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे पायाखालची फळी. सुरुवात सोपी, चढ हळूहळू आणि मग पाचव्या प्रकरणाच्या आसपास फळी निसटते, वाचणारा थेट खाली.

पाचव्या प्रकरणाच्या आसपास! म्हणजे माझा मॉनिटरखालचा ठोकळा काही जगावेगळा नव्हता.

डाउनींनी काय केलं? कोर्स सुरू व्हायला दोन आठवडे असताना स्वतःच पुस्तक लिहायला घेतलं. हिशोब साधा होता. मुलांनी पन्नास पानं न वाचण्यापेक्षा दहा पानं वाचलेली बरी. पुस्तक त्यांनी सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. व्हर्जिनियातल्या जेफ एल्कनर नावाच्या शाळामास्तरांनी ते उचललं आणि जावाऐवजी पायथनमध्ये बसवलं. त्यातूनच पुढे ‘थिंक पायथन’ झालं. त्याची तिसरी आवृत्ती २०२४ची आणि ती इंटरनेटवर चकटफू वाचता येते.

म्हणून माझी टेस्ट सोपी आहे. पुस्तक हातात घेतलं की पहिलं प्रकरण बघायचंच नाही. ते सगळ्यांचंच गोड असतं, पहिल्या डेटसारखं. थेट पाचवं उघडायचं.

तुम्ही म्हणाल, आधीची चार वाचल्याशिवाय पाचवं कळणार कसं? नाही कळणार, मान्य. पण समजावण्याची पद्धत तर दिसते ना? एका पानावर नवे शब्द किती टाकलेत ते मोजा. माझा थंब रूल तीनचा, त्याच्या वर गेले की पुस्तक परत शेल्फवर. नवी गोष्ट ‘कशाला लागते’ हे आधी सांगितलंय की थेट व्याख्या तोंडावर मारलीय? उदाहरण एका पानात मावतं का? ते चालवल्यावर स्क्रीनवर काय दिसेल, ते छापलंय का? आणि प्रकरणाच्या शेवटी सरावाला दोन-तीन तरी सोपे प्रश्न आहेत, की पहिल्याच प्रश्नात फेस? एवढं बघायला पंधरा मिनिटं पुरतात. फार तर काकांच्या कपाळावर आठी येईल, येऊ दे!

‘बायबल’वाले मित्र

आपल्या प्रत्येकाचा एक इंजिनिअर मित्र असतो. त्याला विचारलंत की तो ठामपणे सांगणार, ‘‘अरे, के अँड आर वाच, बाकी सगळा टाइमपास.’’ म्हणजे ब्रायन कर्निहॅन आणि डेनिस रिची यांचं ‘द सी प्रोग्रामिंग लँग्वेज’. पहिली आवृत्ती १९७८, दुसरी १९८८. रिची म्हणजे ज्यांनी सी ही भाषाच बनवली ते. सडपातळ आणि सॉलिड पुस्तक, एक शब्द जास्तीचा नाही. पण त्याच मित्राला विचारा, पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना वाचलीस का? त्यात लेखकांनीच स्पष्ट लिहिलंय, की हे प्रोग्रामिंगची ओळख करून देणारं पुस्तक नाही. व्हेरिएबल, लूप, फंक्शन वगैरे वाचणाऱ्याला थोडंफार माहीत आहे असं धरून ते लिहिलंय. नवख्याने वाचायला हरकत नाही, पण जाणकार सहकारी शेजारी असला तर बरं! तो सहकारी ना पुस्तकाबरोबर मिळतो, ना रात्री साडेअकराला फोन उचलतो.

मित्राची चूक नाही हं. ज्याला पोहता येतं त्याला विहिरीचं पाणी स्वच्छ दिसतं, खोल दिसत नाही.

सी शिकायचीच असेल, म्हणजे परीक्षा आहे, एमसीएची एन्ट्रन्स आहे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या बोर्डांशी खेळायचंय, तर आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ आहेच. इंजिनिअरिंग हॉस्टेलांमध्ये त्याच्या प्रती सीनियरकडून ज्युनियरकडे वारशाने जातात. भाषा गप्पा मारल्यासारखी आणि सरावाचे प्रश्न भरपूर. फक्त आवृत्ती नवी घ्या.

काम सांगा, पुस्तक मिळेल

पण मुळात सीच का? दुकानातल्या काकांनी सिलॅबस विचारला तेव्हा मी गप्प बसायला नको होतं. हजेरीच्या चौदा शीट्स हाच माझा सिलॅबस होता. एक्सेल, पीडीएफ, ईमेल यांत दिवस जाणाऱ्यांसाठी एक पुस्तक अगदी मापाचं शिवलंय. अल स्वाइगार्ट यांचं ‘ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन’. पहिली आवृत्ती २०१५ची, पुढच्याही निघाल्यात आणि लेखकाच्या साइटवर ते फुकट वाचता येतं. अर्ध्या भागात भाषा, उरलेल्यात कामं. एक्सेलच्या फायली वाचणं-लिहिणं, पीडीएफची पानं जोडणं, शेकडो फायलींची नावं एका झटक्यात बदलणं, मेल पाठवणं. पाचव्या प्रकरणाची टेस्ट? २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत तिथे डिक्शनरी नावाची गोष्ट आहे आणि ती समजावलीय कशाने, तर फुल्ली-गोळ्याच्या खेळाने! फळी जागेवर आहे.

वेबसाइट बनवायच्या असतील तर जावास्क्रिप्ट. तिथे लोक ‘एलोक्वंट जावास्क्रिप्ट’ सुचवतात. मारेन हावरबेके यांचं हे पुस्तक सुंदर आहे, नेटवर फुकट आहे, पण पाचव्या प्रकरणात फंक्शनला फंक्शन खायला घालायला लागतात. पहिलंच पुस्तक म्हणून मी तरी ते कोणाच्या गळ्यात मारणार नाही. दुसरं म्हणून, जरूर. आणि कंपनीत सगळं जावावर चालत असेल, पण वाचता-वाचता डुलकी लागत असेल, तर ‘हेड फर्स्ट जावा’. कॅथी सिएरा आणि बर्ट बेट्स यांचं, २००३ सालचं. चित्रं, कोडी, आचरट संवाद. ऑफिसात उघडलंत तर शेजारच्याला कॉमिक वाटेल. तिसरी आवृत्ती २०२२ची.

फोर्टच्या फुटपाथवरून सेकंडहँड घेणार असाल तर एक्स्पायरी डेट तपासा. हो, पुस्तकांनाही असते! पायथनच्या पुस्तकात ‘प्रिंट’ या शब्दापुढे कंस नसेल, तर ते पायथन दोनचं. त्या आवृत्तीचा सपोर्ट १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यातलं पहिलंच उदाहरण आजच्या पायथनमध्ये एरर देणार आणि तुम्ही पुन्हा स्वतःलाच दोष देणार. सीच्या पुस्तकात निळ्या स्क्रीनचा टर्बो सी दिसला, तरी सावधान. तो डॉसच्या जमान्यातला. आजच्या ६४ बिट विंडोजवर तो सरळ चालतच नाही, मध्ये डॉसचं सोंग घेणारं दुसरं सॉफ्टवेअर घालावं लागतं.

आर्ग्युमेंट म्हणजे भांडण नव्हे

आणखी एक फळी, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. इंग्रजी! मराठी मीडियमवाल्यांनो, लाजू नका. अडचण वाक्यांची नसते, ओळखीच्या शब्दांची असते. स्ट्रिंग म्हणजे सुतळी नाही, अक्षरांची माळ. आर्ग्युमेंट म्हणजे फंक्शनला आपण दिलेला माल आणि रिटर्न म्हणजे त्याने परत केलेला. माझ्या पहिल्या पुस्तकाने यातलं काहीही न सांगता पुढची गाडी सोडली होती. चांगलं पुस्तक असा प्रत्येक शब्द पहिल्यांदा येतो तिथेच थांबून फोडून सांगतं. जोडीला कानावर मराठी हवी असेल, तर आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प आहे. त्यांचे छोटे व्हिडिओ मराठीतही डब केलेले आहेत आणि फुकट आहेत.

‘‘पण हल्ली चॅटबॉट कोड लिहून देतो ना, मग पुस्तक कशाला?’’ हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा विचारला जातो. देतो की! मीही घेते. एकदा त्याने शीट्स जोडायचा प्रोग्राम दहा सेकंदांत लिहून दिला, चाललाही. फक्त ज्यांचे एम्प्लॉयी कोड शून्याने सुरू होतात, त्यांची शून्यं गळाली. ००४५७चा झाला ४५७. कॉम्प्युटरने कोडला आकडा समजून टाकलं. तशीच फाइल पगाराला गेली असती तर एक तारखेला माझ्या टेबलापाशी मोर्चा! स्ट्रिंग आणि आकडा यांतला फरक मला पुस्तकाने शिकवला होता, म्हणून तो घोळ दिसला. एका ओळीचा बदल होता.

पुस्तक घेतल्यावर काय? रोज अर्धा तास, शक्यतो सकाळी, मेल उघडण्याआधी. उदाहरणं हाताने टाइप करा, कॉपी-पेस्ट नको. टायपिंगमध्ये एखादा कोलन हमखास राहतो, मग लालभडक एरर येते. पायथनची एरर खालून वर वाचायची, काय बिघडलं ते शेवटच्या ओळीत असतं. हे मला कळायला तीन आठवडे लागले, तुम्हाला फुकट सांगतेय. मला एकूण साडेचार महिने लागले. आता चौदा शीट्स जोडायला चहा गार व्हायच्या आत होतं.

परवा सांगलीहून मावसभावाचा फोन. बँकेत नुकताच लागलाय, त्यालाही शिकायचंय. थेट दुकानातूनच बोलत होता.

‘‘ताई, तू म्हणालीस तसं पाचवं प्रकरण उघडलंय.’’

‘‘पहिल्या पानावर नवे शब्द किती?’’

थोडा वेळ शांतता. तो मोजत होता. ‘‘सात.’’

‘‘मग ठेव ते खाली.’’

‘‘अगं, पण दुकानदार म्हणतात हे सगळे नेतात.’’

‘‘नेऊ देत. दुसरं दाखवा म्हण.’’