मनगटी घड्याळाचें घरगुती छायाचित्र

मनगटावरील घड्याळ दिसावयास लहान खरें. परंतु त्याचें छायाचित्र काढूं म्हटल्यास तें मोठें हट्टी ठरतें. माणसाला ‘हलूं नका’ असें सांगतां येतें; घड्याळ तर जागचें हलत नाहीं, तरीही चित्र बिघडतें. याचें कारण असें कीं, घड्याळ हा एक लहानसा आरसाच होय. त्याची कांच, धातूची चकचकीत कड आणि कांटे, जें समोर असेल तें परत दाखवितात. म्हणून घड्याळाच्या कांचेंत काय दिसावें व काय दिसूं नये हें ठरविणें, हेंच या कामाचें मर्म आहे. तेवढें साधलें तर महागड्या कॅमेऱ्यावांचून, साध्या मोबाइलनेंही, घरच्या घरीं सुरेख चित्र निघतें.

किल्लारी आणि भोवतालच्या गांवांत या विषयाला हौसेपेक्षां अधिक मोल आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, पहाटेचे चार वाजण्यास चार-पांच मिनिटें असतांना येथें भूकंप झाला. मातींत रचलेल्या दगडी भिंती व त्यांवरील जड माळवदें कोसळून लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें दगावलीं. अशा गांवांत ज्या घरीं गेलेल्या माणसाचें घड्याळ उरलें असेल, तेथें तें केवळ वेळ पाहण्याचें साधन राहत नाहीं. घड्याळ एक, आणि त्यावर माया करणारीं भावंडें चार. कोणी गांवीं, कोणी पुण्यास. वस्तु वांटून देतां येत नाहीं. चित्र मात्र सर्वांस देतां येतें.

प्रथम उजेडाचा विचार करूं. जुन्या माळवदाच्या घरांत उजेड छतांतील झरोक्यांतून सरळ खालीं येई. अशा उजेडांत घड्याळ उताणें ठेवून वरून चित्र घेतल्यास तो झरोकाच कांचेवर पांढरा डाग होऊन बसतो. कारण प्रकाश ज्या कोनानें येतो, त्याच कोनानें परततो. त्यापेक्षां भिंतींतील खिडकी या कामीं सोयीची. जिच्यांतून ऊन थेट आंत येत नाहीं अशी खिडकी निवडावी; येत असल्यास तिच्यावर जुनें, विरलेलें पांढरें धोतर ताणून बांधावें. त्यांतून गाळून आलेला उजेड मऊ असतो. खोलींतील विजेचे दिवे मालवावे; नाहींतर पांढऱ्या तबकडीच्या एका अंगास पिवळट, तर दुसऱ्या अंगास निळसर झांक येते.

मग खिडकीजवळ लांकडी पाट ठेवावा. कागदाची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर, मनगटावर बांधावें तसें, घड्याळ बांधावें. म्हणजे पट्टा लोळत पडत नाहीं. खिडकीच्या समोरील बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केला कीं, सावलींतील कडही उजळते. मोबाइल पुस्तकांच्या चळतीस टेकवून स्थिर करावा. तो अगदीं जवळ नेल्यास तबकडी फुगल्यासारखी दिसते व मोबाइलची सावली पडते. यास्तव दीड वीत मागें सरून चित्र दुप्पट मोठें करून घ्यावें. बटण दाबतांना बसणारा धक्काही चित्र बिघडवितो. त्याकरितां तीन सेकंदांचा टायमर लावावा.

आतां पडद्यावर कांच नीट न्याहाळावी. तींत पंखा दिसेल, छत दिसेल, कदाचित् आपलें स्वतःचें तोंडही दिसेल. घड्याळ किंचित् कलतें करीत गेलें म्हणजे सपाट कांचेंतून हे पाहुणे निघून जातात. फुगीर कांच मात्र इतक्या सहज वश होत नाहीं. १९६१ सालीं बंगळूर येथें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें एचएमटीचीं घड्याळें होऊं लागलीं व पुढें घरोघरीं पोंचलीं. त्यांच्या ‘जनता’सारख्या चावीच्या घड्याळांची कांच प्लास्टिकची आणि फुगीर असे. ती खोलीचा बराच मोठा भाग आपल्यांत सांठविते. अशा वेळीं काळ्या पुठ्ठ्यास लेन्सएवढें भोंक पाडून तो मोबाइलपुढें धरावा. कांचेसमोर काळें आलें म्हणजे कांच जणूं नाहींशी होते आणि आंतील आंकडे स्वच्छ उमटतात.

जाहिरातींतील घड्याळांत बहुधा दहा वाजून दहा मिनिटें झालेलीं असतात. त्या स्थितींत कांटे दोहों बाजूंस सारखे पसरतात व बाराच्या खालीं छापलेलें नांव झांकलें जात नाहीं. विकावयाच्या घड्याळास हें शोभतें. घरांत जपलेल्या घड्याळाची गोष्ट निराळी. तें ज्या वेळेवर थांबलें असेल ती वेळ कोणाच्या तरी आठवणींत जपलेली असूं शकते. म्हणून पहिलें चित्र आहे त्या स्थितींतच घ्यावें, आणि चावीस हात लावण्यापूर्वी घरांतील वडीलधाऱ्यांस विचारावें.

स्वच्छतेलाही हाच नियम लागू आहे. मऊ कोरड्या फडक्यानें धूळ व बोटांचे ठसे पुसावे. पाणी लावूं नये. ओरखडे मात्र घासून काढूं नयेत, आणि चित्रांतूनही पुसूं नयेत. धूळ घड्याळ कपाटांत पडून राहिल्यावर बसली. ओरखडे तें मनगटावर असतांना पडले. शेतांत, बाजारांत, मोटारीच्या दारांत त्या हातानें जें काम केलें, त्याची ती नोंद आहे. बाजूनें येणारा उजेड हे ओरखडे स्पष्ट दाखवितो. तो तसा येऊं द्यावा.

शेवटीं घड्याळ उलटें करून पाठीचेंही चित्र घ्यावें. तेथें आंकडे, कधीं नांवही कोरलेलें असतें. चित्रें नातलगांस धाडतांना घड्याळ कोणाचें, तें कोणीं व कोणत्या निमित्तानें दिलें, हें सोबत लिहावें. सुंदर चित्र डोळ्यांस सुखवील. परंतु ज्या नातवानें आजोबांना पाहिलेंच नाहीं, त्याला त्या दोन ओळींवांचून तें घड्याळ कोणाचें हें कळावयाचें नाहीं.